कार्ताहेनाला जायचं तर खोली तटाच्या आत

आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. दादाने आणि मी ठरवलं की या वेळी सोन्याचं नाणं, हॉल घेऊन जेवण, आहेर-बिहेर काही नको. दोघांना कुठेतरी झकास घेऊन जायचं आणि हात आखडता घ्यायचा नाही. मी व्हर्जिनियात राहते. ते पुण्याहून माझ्याकडे येणारच होते, फक्त नेहमीसारखं उन्हाळ्यात न येता थंडीत या म्हटलं. थंडीत इथून ऊब शोधायला निघालेले लोक कॅरिबियन बेटांवर जातात. बाबांनी फोनवरच सांगून टाकलं, "वाळूत लोळायला मी येणार नाही. बघण्यासारखं काही असेल तर बोल." आईची अट वेगळी होती, "माझ्या गुडघ्यांना झेपेल असं बघ बाई, आणि जेवणाचे हाल नकोत."

दोघांच्या अटी जुळवल्यावर उरलं ते कोलंबियातलं कार्ताहेना. पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सेनानीने 1533 मध्ये वसवलेलं बंदर, भोवती समुद्राला लागून दगडी तटबंदी, बाजूच्या टेकडीवर किल्ला, आत चौकाची जुनी घरं. 1984 पासून युनेस्कोच्या वारसायादीत. आणि तटाच्या आतलं सगळं गाव जवळजवळ सपाट. सपाट म्हटल्यावर आई खूश, तटबंदी म्हटल्यावर बाबा. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, आणि नोकरीत असताना ज्या तालुक्यात बदली होई तिथला किल्ला आधी बघायचा आणि मग क्वार्टर, अशी त्यांची ख्याती होती.

सुरुवात कागदपत्रांपासून केली, कारण ती जमली नाहीत तर बाकी सगळं मुसळ केरात. भारतीय पासपोर्टवर कोलंबियाचा व्हिसा लागतो. पण पासपोर्टवर अमेरिकेचा किंवा शेंगेनचा व्हिसा असेल, आणि तिथे उतरण्याच्या दिवशी त्याची निदान 180 दिवसांची मुदत शिल्लक असेल, तर वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. विमानतळावरच शिक्का मिळतो. अमेरिकेचा निव्वळ ट्रान्झिट व्हिसा यात धरत नाहीत. आईबाबांचा दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा होता आणि त्याची बरीच वर्षं बाकी होती, म्हणजे प्रश्नच मिटला. तरी हा नियम मी छापून फायलीत ठेवला. भारतीय पासपोर्ट बघितला की विमान कंपनीच्या काउंटरवरची मंडळी कॉम्प्युटरमध्ये डोकं घालतात, तेव्हा हातात कागद असलेला बरा.

खरी गुंतागुंत पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची. भारत सरकार कोलंबियाला पीतज्वराच्या देशांत धरतं. तिथून निघून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचं पिवळं कार्ड नसलं, तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं. पण ती जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीच्या पुढच्यांना देताना डॉक्टर दहा वेळा विचार करतात. बाबा सत्तरीला आलेले, वर मधुमेह. पुण्यातले आमचे डॉक्टर म्हणाले, "गरज नसेल तर मी देणार नाही." इथल्या ट्रॅव्हल क्लिनिकमध्येही आमचा कार्यक्रम दाखवला, आम्ही शहर आणि समुद्र सोडून आत रानात कुठे जाणार नव्हतो, त्यामुळे तिथेही तेच मत पडलं. मग मी तारखांचाच क्रम लावला: आधी कार्ताहेना, मग माझ्याकडचा लांबलचक मुक्काम, मग पुणे. सहा दिवसांचा नियम आपोआप मागे पडला. ज्यांना थेट भारतात परतायचंय त्यांना हा मार्ग नाही, आणि लस घ्यायची की नाही हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. डास मात्र तिथे आहेत, डेंग्यूही आहे. मलम आम्ही पोत्याने नेलं.

शेवटचा कागद म्हणजे चेक-मिग नावाचा इमिग्रेशनचा ऑनलाइन फॉर्म. प्रवासाआधीच्या 72 तासांत भरायचा आणि तो फुकट आहे. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या साइट्स पैसे मागतात, तिकडे फिरकू नका.

आता मुख्य विषय: राहायचं कुठे. मला वाटलं होतं, यात काय, सगळ्यात महागडी खोली घ्यायची. पण या गावात महाग खोली दोन अगदी वेगळ्या जातींची मिळते. एक बोकाग्रांदेला, समुद्रात घुसलेल्या चिंचोळ्या पट्टीवर, उंच टॉवरमध्ये. लिफ्ट, मोठा स्विमिंग पूल, काचेतून समुद्र. दुसरी तटबंदीच्या आत, जुन्या वाड्यांत नाहीतर मठांत. गुडघ्यांचा विचार करून माझा कल बोकाग्रांदेकडे होता. व्हिडिओ कॉलवर फोटो दाखवले तर बाबा म्हणाले, "थांब जरा. हे पाणी असं का दिसतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा भलाथोरला मेसेज आला. कार्ताहेनाच्या खाडीत माग्दालेना नदीचं पाणी आणणारा कालवा आहे, कनाल देल दीके. स्पॅनिशांनी तो 1650 साली खणला, लांबी सुमारे 115 किलोमीटर. बंदरातून होड्या थेट नदीत जाव्यात हा हेतू. पुढे तो रुंद केला, सरळ केला, आणि पाण्याबरोबर नदीचा गाळही खाडीत येऊ लागला. मेसेजच्या शेवटी ताशेरा: "गाळ येतो तिथे पाणी निळं दिसणार नाही. सी व्ह्यूचे जादा पैसे देऊ नयेत." सरकारी शेरा मारल्यासारखं. आणि खरंच आहे ते. शहराला लागून असलेल्या चौपाट्यांची वाळू करडी आणि पाणी गढूळसर. स्वच्छ पाणी हवं तर बोटीने रोसारिओ बेटांकडे जावं लागतं, आणि गाळाचा त्रास तिथल्या प्रवाळालाही होतोच. तर समुद्रासाठी बोकाग्रांदेला राहण्यात काही हशील नाही.

तटाच्या आत दोन मोठी नावं कानावर येतात, सांता क्लारा आणि सांता तेरेसा. दोन्ही मुळात जोगिणींचे मठ. सांता क्लारा सतराव्या शतकातला, 1995 मध्ये त्याचं हॉटेल झालं. लिफ्ट आहे, बाग आहे, सगळं आहे, आणि हंगामात एका रात्रीचा दर ऐकून दादा दोन मिनिटं गप्प बसला. मग छोटी हॉटेलं बघायला घेतली: दहा-पंधरा खोल्यांचे जुने वाडे, मधे चौक, चौकात टाकीएवढा पूल, वर लाकडी सज्जे. दर बरेच खाली आणि आदरातिथ्य घरच्यासारखं. गोम एकच. बहुतेकांना लिफ्ट नाही, आणि जुन्या घरांतले मजले उंच.

मी सगळ्यांना एकच प्रश्न पाठवला: रस्त्यापासून पलंगापर्यंत पायऱ्या किती? उत्तरं वाचण्यासारखी होती. एकाने लिहिलं "थोड्याच". फोटो मागवले तर दोन मजली दगडी जिना. एकाने उत्तरच दिलं नाही, फक्त दर कमी केला. आणि एका घराच्या मॅनेजरबाईंनी जिन्याचा फोटो काढताना पायरीवर स्वतःचा मोबाइल उभा करून ठेवला, उंची कळावी म्हणून. खाली लिहिलं, आईंसाठी तळमजल्यावरची चौकाकडची खोली देते. तिला बाल्कनी नाही, पण उंबरठा सोडला तर एकही पायरी नाही, आणि न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेते. तिथेच मी बुकिंग केलं. कुणाला किती तारे मिळालेत हे बघण्यापेक्षा ही एक ईमेल मला जास्त सांगून गेली.

फोटोत सगळ्यांना भुरळ पडते ती बोगनवेलीने लगडलेल्या बाल्कन्यांची. त्या रस्त्यावर असतात, आणि रस्ता रात्री एक-दोनपर्यंत जागा असतो. खालून गाणी, टाळ्या, रॅप करत पैसे मागणारी पोरं. बाल्कनीची खोली दादाने हौसेने घेतली आणि कानात बोळे घालून झोपला. चौकाकडच्या खोलीत उजेड कमी, पण ढिम्म शांतता. हेत्सेमानी या शेजारच्या वस्तीत तर रात्र आणखी रंगते. पूर्वी हातावर पोट असलेल्यांची वस्ती, आता भिंतीभिंतींवर चित्रं. तरुणांनी तिथेच राहावं. आमच्यासारख्यांनी संध्याकाळी जाऊन यावं.

तटाच्या आत राहण्याचं सर्वात मोठं कारण म्हणजे दुपार. कार्ताहेना बाराही महिने तिशीच्या आसपास, हवा दमट, मुंबईचा मे आठवावा. बारा ते चार बाहेर काही करण्यात अर्थ नाही. अशा वेळी पाच मिनिटांत खोलीवर येऊन आंघोळ करून पडता येणं, हीच तिथली चैन. बोकाग्रांदेला राहिलं की टॅक्सी, ट्रॅफिक, "आता आलोच आहोत तर बघून घेऊ" असं करत माणूस उन्हात उकडून निघतो.

महिना निवडणं सोपं गेलं. डिसेंबर ते एप्रिल कोरडं, ऑक्टोबर-नोव्हेंबर पावसाचं, त्यात भरती आली की काही रस्त्यांवर पाणी. नाताळ ते जानेवारीचा मध्य या काळात दर दुप्पट होतात आणि किमान इतक्या रात्री घ्याच अशी सक्ती असते. जानेवारीच्या शेवटी 'हे फेस्टिव्हल' (Hay Festival) नावाचा साहित्यमेळा भरतो, तेव्हाही खोल्या मिळत नाहीत. आम्ही फेब्रुवारी धरला. एक युक्ती सांगते: बंदरात कुठल्या दिवशी किती क्रूझ जहाजं लागणार याचं वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं. दोन-तीन जहाजं असली की सकाळभर चौकाचौकात छत्र्या उंचावलेले गाइड आणि त्यांच्यामागे लोंढे. ते दिवस आम्ही बोटीला आणि आरामाला ठेवले.

बोटीवर मात्र पैसे सढळ हाताने सोडले. रोसारिओ बेटं राष्ट्रीय उद्यानात येतात. ला बोदेगीता धक्क्यावरून सकाळी लांचा, म्हणजे वेगाच्या मोटरबोटी, माणसं कोंबून निघतात. फेब्रुवारीत ईशान्येचा वारा असतो, दुपारनंतर समुद्र उसळतो, आणि परतताना त्या बोटी लाटेवर अशा आपटतात की धडधाकट माणसाची कंबर धरावी. आईला त्यात बसवणं शक्यच नव्हतं. म्हणून दिवसभरासाठी स्वतंत्र बोट ठरवली. ठरवताना विचारायचे प्रश्न मी आधीच लिहून काढले होते. छप्पर आहे का? इंधन धरून भाव आहे का? धक्क्याची फी आणि उद्यानाची फी कोण भरणार? प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का? आणि मुख्य, परत किती वाजता निघणार? यातल्या शेवटच्या प्रश्नावर जो "तुम्ही म्हणाल तेव्हा" म्हणाला त्याला मी नाही म्हटलं. जो म्हणाला "दोनच्या पुढे मी थांबणार नाही, बाई", त्याला घेतलं. चोलोनला नेऊ का, असं सगळेच विचारतात. तिथे कमरेएवढ्या पाण्यात बोटी नांगरून ढणाढणा गाणी लावून दारू पीत बसतात. आम्हाला एका छोट्या बेटावरची सावली, दोन आरामखुर्च्या आणि स्वच्छ पाणी हवं होतं. बाबा साडेनऊला पाण्यात उतरले ते जेवायला हाक मारली तेव्हाच बाहेर आले. वाळूत लोळले नाहीत, हे खरं.

जेवणाची काळजी मला सर्वात जास्त होती. आई रत्नागिरीची, तिला मासे दिले की झालं. बाबा पक्के शाकाहारी. तिथे नुसतं "मांस नको" सांगितलं तर कोंबडी येते, उसळीसारख्या दिसणाऱ्या डाळीत डुकराचा तुकडा असतो, आणि सूप बहुधा हाडांच्या पाण्यात. मी हॉटेलला आधीच यादी पाठवली: मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, त्यांचं पाणीही नाही, अंडं, दूध, चीज चालेल. मॅनेजरबाईंनी ती स्पॅनिशमध्ये कार्डावर छापून दिली आणि ते कार्ड बाबा प्रत्येक हॉटेलात वेटरपुढे धरत, तिकीट तपासनिसाला पास दाखवावा तसं. तरी उपाशी राहायची वेळ आली नाही. नारळाचा भात तिथला रोजचाच: नारळाचं दूध आटवत आटवत तेल सुटेपर्यंत आणि खाली चोथा तांबूस होईपर्यंत परततात, मग त्यात तांदूळ, मीठ, थोडा गूळ. त्याच्याबरोबर पाताकोनेस, म्हणजे कच्च्या केळ्याचे जाड काप तळून, चेपून, परत तळलेले. या किनाऱ्यावर सीरिया-लेबननहून आलेल्यांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे हुमुस आणि वांग्याचं भरीतही सर्रास मिळतं. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी कमानीखाली मिठाईवाल्या बसतात. त्यांच्याकडची कोकादा म्हणजे आपली नारळाची वडी, आणि चिंचेचे साखरेत घोळलेले गोळे. आईने निस्पेरो नावाचं सरबत मागवलं, एक घोट घेतला आणि म्हणाली, "अगं, हा तर चिकू!" चिकू मूळचा त्याच बाजूचा; डहाणू-घोलवडला नंतर आला.

किल्ल्याला आम्ही दरवाजा उघडतानाच पोचलो. सान फेलिपे दे बाराहास, सान लासारो टेकडीवर, पायऱ्यांऐवजी उतार. आईने पायथ्याशी सावलीत बसायचं आधीच ठरवलं होतं, त्यामुळे रुसवे-फुगवे झाले नाहीत. बाबांना 1741 ची लढाई तोंडपाठ होती. इंग्रज अ‍ॅडमिरल व्हर्नन पावणेदोनशेच्या वर जहाजं घेऊन आला. समोर एक पाय आणि एक डोळा गमावलेला, एक हात लुळा पडलेला स्पॅनिश सेनानी ब्लास दे लेसो, मूठभर माणसांनिशी. व्हर्ननने विजय गृहीत धरून निरोप पाठवला, लंडनमध्ये लेसो गुडघे टेकतोय अशी पदकंही पाडली गेली. इकडे किल्ल्यावर चढायच्या शिड्या तोकड्या पडल्या आणि पीतज्वराने हजारो इंग्रज सैनिक मेले. ज्या रोगाच्या कार्डासाठी मी कॅलेंडर उलटंपालटं केलं, त्याच रोगाने हे शहर वाचवलं होतं. त्या मोहिमेत जॉर्ज वॉशिंग्टनचा सावत्र भाऊ लॉरेन्स होता. त्याने आपल्या जहागिरीला अ‍ॅडमिरलचं नाव दिलं, माउंट व्हर्नन. ते माझ्या घरापासून जवळच आहे आणि बाबांनी मागच्या खेपेला बघितलेलं. बाबांचं मत: "हरलेल्या माणसाचं नाव देऊन घर बांधलं म्हणजे कमालच." पुढे 1770 च्या दशकात स्पॅनिशांनी बोकाग्रांदेच्या खाडीमुखाशी पाण्याखाली दगडी भिंत घातली, जहाजांना आत यायची एकच वाट उरावी म्हणून. विजयदुर्गाजवळच्या समुद्रातल्या भिंतीबद्दल बाबा आम्हाला लहानपणापासून ऐकवत आलेत. आता त्यांना दुसरी सापडली.

गाइड आम्ही पालेंके गावचा घेतला, आणि हा निर्णय चांगला ठरला. सान बासिलिओ दे पालेंके हे पळून गेलेल्या गुलामांनी वसवलेलं गाव. डोक्यावर फळांची परात घेऊन फोटोत दिसणाऱ्या रंगीत झग्यातल्या बायका तिथल्याच. फोटो काढायचा तर आधी विचारायचं आणि पैसे द्यायचे, त्यात घासाघीस करायची नाही. ज्या प्लासा दे लोस कोचेसमध्ये मिठाई विकतात, तिथेच गुलामांचा बाजार भरायचा. बोटीतून उतरवलेल्या त्या माणसांची सेवा करत आयुष्य घालवलेला जेझुइट पंथाचा पाद्री, पेद्रो क्लावेर, जवळच्याच चर्चमध्ये वेदीखाली चिरनिद्रा घेतोय. आपण ज्या सुंदर वाड्यात उतरलोय तो कुणाच्या जिवावर उभा राहिला, हे गाइडने आडपडदा न ठेवता सांगितलं. आई त्यानंतर बराच वेळ चर्चच्या बाकावर बसून राहिली. पुढचा कार्यक्रम आम्ही रद्द केला.

पैशांबद्दल दोन गोष्टी. डॉलरला हजारो पेसो मिळत असल्याने जेवणाचं बिल लाखांत येतं, आणि बाबा प्रत्येक वेळी दचकत. टॅक्सीला मीटर नाही, भाव बसण्याआधी ठरवायचा. हॉटेलात दहा टक्के टीप बिलात घालू का असं विचारतात. ती ऐच्छिक असते. आणि तिथे न राहणाऱ्या परदेशी पर्यटकांना राहण्याच्या खर्चावरचा 19 टक्के कर माफ आहे. बुकिंग करतानाच दर कर धरून आहे की सोडून, हे विचारायचं आणि पोचल्यावर पासपोर्टवरचा शिक्का दाखवायचा. मोठ्या बिलात ही रक्कम थोडीथोडकी नसते. आमच्या बोटीचा खर्च जवळजवळ त्यातून निघाला.

वहिनीला आता तिच्या आईवडिलांना न्यायचंय. माझी सगळी फाइल तिला दिली, मॅनेजरबाईंचा पत्ताही दिला, आणि फेब्रुवारी सांगितला. ती नाताळवर अडून बसली आहे, तेही बाल्कनीवाल्या खोलीसाठी.